काळ आणि तरतमभाव : इंग्रजी वाक्यशुद्धीच्या अभ्यासाची प्रस्तावना

सदोष इंग्रजी वाक्यातील दोष नेमका कोणत्या शब्दापाशी आहे हे हेरून, मूळ आशयाला धक्का न लावता ते वाक्य निर्दोष करणे, या अभ्यासाला वाक्यशुद्धी असे म्हटले जाते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याची या अभ्यासाशी गाठ शाळेतल्या 'डू ॲज डिरेक्टेड' या प्रश्नापासून पडते आणि पुढे बँकांच्या भरतीपरीक्षा व कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा अशा निरनिराळ्या निमित्तांनी ती पडतच राहते. व्यवस्थापनशास्त्राच्या परदेशी शिक्षणासाठी घेतल्या जाणाऱ्या जीमॅट या परीक्षेत तर, २०२३ मध्ये तिचे नवे स्वरूप येईपर्यंत, वाक्यशुद्धीचा स्वतंत्र प्रश्नप्रकारच होता. त्यात अधोरेखित भागासाठी पाच पर्याय दिलेले असत आणि पहिला पर्याय मूळ वाक्य जसेच्या तसे ठेवण्याचा असे, त्यामुळे वाक्यात दोष आहे की नाही हेही परीक्षार्थ्यालाच ठरवावे लागे. अशा प्रश्नांत दोन विषय पुनःपुन्हा समोर येतात : क्रियापदाचा काळ, आणि तुलना दर्शवणाऱ्या शब्दांची योजना, म्हणजे संस्कृतातील 'तर' आणि 'तम' या प्रत्ययांवरून मराठी व्याकरणात ज्याला तरतमभाव असे नाव पडले आहे तो विषय.

व्याकरणाच्या प्रचलित पुस्तकांत हे दोन विषय एकमेकांपासून दूर ठेवलेले असतात, कारण काळ हा क्रियापदाचा विकार मानला जातो आणि तरतमभाव विशेषणांच्या प्रकरणात बसवला जातो. प्रस्तुत पुस्तकाने ते शेजारी आणले आहेत, आणि त्यामागे केवळ परीक्षेची सोय नाही. काळ दाखवणारे क्रियारूप एका घटनेचे स्थान दुसऱ्या एखाद्या क्षणाच्या संदर्भात सांगते. तुलनादर्शक रूप एका वस्तूच्या गुणाचे स्थान दुसऱ्या एखाद्या वस्तूच्या संदर्भात सांगते. दोन्ही ठिकाणी दोन बिंदू लागतात. इंग्रजीत काळाची किंवा तुलनेची जी वाक्ये अशुद्ध ठरतात त्यांपैकी बहुतेकांत हा दुसरा बिंदू एक तर गैरहजर असतो, किंवा संदिग्ध असतो, किंवा वाक्यातील दोन शब्द दोन वेगवेगळ्या बिंदूंकडे बोट दाखवत असतात. मराठीभाषक विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती अशी की मराठीलाही हे दोन बिंदू लागतातच, परंतु ते दाखवण्याची तिची रीत निराळी आणि अनेकदा अधिक आटोपशीर आहे; म्हणून त्याच्या चुका बेफिकिरीतून येत नाहीत, एका नियमबद्ध भाषेची शिस्त दुसऱ्या नियमबद्ध भाषेत नेल्यामुळे येतात.

मराठी माणसाच्या इंग्रजी शिक्षणाची परंपरा पाहिली तर ही गोष्ट जुन्या शिक्षकांना पुरती उमगलेली होती असे दिसते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकवले ते मराठी वाक्य समोर ठेवून, त्याचे इंग्रजी करायला लावून. तेथे दोन भाषांचा सांधा विद्यार्थ्याच्या नजरेसमोर राहत असे. पुढे पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांचे व्याकरण भारतभर रूढ झाले, आणि त्याची योग्यता वादातीत आहे, पण ते सर्व प्रांतांतील विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले असल्याने कोणा एकाच्या मातृभाषेकडे पाहणे त्याला शक्यच नव्हते. आजच्या स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत तर नियमांची यादी आणि अपवादांची यादी एवढेच उरले आहे. पाठ केलेला नियम परीक्षेच्या दालनात आठवतो, पण वाक्य थोडे लांबले, मध्ये एखादे उपवाक्य आले, की नेमका कोणता नियम लावायचा हे कळेनासे होते.

काळाच्या विचाराला जर्मन तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाख यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात जी दिशा दिली, ती वाक्यशुद्धीच्या अभ्यासकाला फार उपयोगी पडते. त्यांच्या विवेचनानुसार कोणत्याही क्रियारूपामागे तीन क्षण असतात : ज्या क्षणी वाक्य उच्चारले जाते तो उच्चारक्षण, ज्या क्षणी घटना घडते तो घटनाक्षण, आणि ज्या क्षणावर उभे राहून बोलणारा त्या घटनेकडे पाहतो तो संदर्भक्षण. 'शी लेफ्ट' या साध्या भूतकाळात घटनाक्षण आणि संदर्भक्षण दोन्ही एकत्र, भूतकाळातच असतात. 'शी हॅज लेफ्ट' यात घटना मागे घडलेली असली तरी संदर्भक्षण उच्चारक्षणाशी, म्हणजे आत्ताशी, जुळलेला असतो. आणि 'शी हॅड लेफ्ट' यात संदर्भक्षण भूतकाळात असून घटना त्याच्याही मागे असते. ही मांडणी एकदा मनात ठसली की इंग्रजीतील काळांची बारा नावे पाठ करण्याची गरज पुष्कळ कमी होते, कारण प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा उरतो : हे वाक्य कोणत्या क्षणावर उभे राहून बोलले जात आहे?

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट करावा लागतो. प्रत्यक्ष वेळ निराळी आणि व्याकरणातील काळरूप निराळे, हे डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९२४ च्या 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' या ग्रंथात आग्रहाने सांगितले. इंग्रजी क्रियापदाला स्वतःची म्हणून दोनच काळरूपे आहेत, एक भूतकाळाचे आणि एक भूतेतर; भविष्य दाखवायला तिला 'विल'सारखी साहाय्यक क्रियापदे लागतात, आणि उद्या सुटणाऱ्या गाडीबद्दल ती 'द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स' असे वर्तमानरूपही निःसंकोच वापरते. मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको, कारण घरातून कोणी हाक मारली असता तो जागचा हललेलाही नसताना 'आलोच' असे भूतकाळाचे रूप वापरून उत्तर देतो. रूप भूतकाळाचे, घटना पुढची; आणि तरीही कोणाचा गैरसमज होत नाही. प्रत्येक भाषा आपल्या काळरूपांना अशी ज्यादा कामे वाटून देते, आणि दोन भाषांची वाटणी क्वचितच जुळते.

ही वाटणी न जुळल्याचे सर्वांत ठळक उदाहरण पूर्ण भूतकाळाचे आहे आणि त्यापाशी थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे. 'मी परवा डॉक्टरांकडे गेलो होतो' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. त्यातील 'होतो' या शब्दाने जाणे आणि परत येणे दोन्ही उरकले, ती गोष्ट आता मागे पडली, आजच्या परिस्थितीशी तिचा धागा तुटला, असे सुचवले जाते. त्यासाठी दुसऱ्या कोणत्याही भूतकालीन घटनेचा उल्लेख करण्याची गरज नसते. शाळेत या रूपाचे नाव पूर्ण भूतकाळ असे शिकवले जाते आणि इंग्रजीतील 'पास्ट परफेक्ट'चेही तेच भाषांतर दिले जाते, त्यामुळे विद्यार्थी सरळ 'आय हॅड गॉन टु द डॉक्टर द डे बिफोर येस्टरडे' असे लिहितो. इंग्रजी वाचक मात्र 'हॅड गॉन' वाचल्याबरोबर भूतकाळातील आणखी एका घटनेची वाट पाहू लागतो, जिच्या आधी हे जाणे घडले. ती घटना वाक्यात नाही, आसपासच्या मजकुरातही नाही, आणि म्हणून वाक्य अधांतरी राहते. शुद्ध वाक्य साध्या भूतकाळाचे, 'आय वेंट' असे होईल. उलट 'आम्ही स्थानकावर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती' या वाक्यात पोहोचण्याचा क्षण हा संदर्भ म्हणून हजर असल्याने 'द ट्रेन हॅड लेफ्ट' हे रूप दोन्ही भाषांत बरोबर जुळते. नाव एक, पण मराठीत ते रूप एकट्याने उभे राहू शकते आणि इंग्रजीत त्याला आधार लागतो. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांतही एकटे 'हॅड' सर्रास आढळते, इतके की काही अभ्यासक त्याला भारतीय इंग्रजीचे वैशिष्ट्य मानतात. हे मत विचार करण्याजोगे आहे, पण ज्याला प्रमाण इंग्रजीच्या परीक्षेला बसायचे आहे त्याच्या हाती असे वाक्य देणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

पूर्ण वर्तमानकाळाची कथा याच जातीची आहे. 'मी त्याला कालच पाहिले आहे' असे मराठीत म्हणता येते, परंतु 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' हे इंग्रजीत चालत नाही, कारण 'हॅव सीन' संदर्भक्षण आत्ताशी बांधते आणि 'येस्टरडे' त्याला कालकडे ओढते. 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो' यात मराठी 'पासून' या एका शब्दाने आरंभबिंदू दाखवून क्रियापद वर्तमानात ठेवते. इंग्रजीला आरंभ आणि आता हे दोन्ही बिंदू क्रियापदातच दाखवावे लागत असल्यामुळे 'आय हॅव बीन लिव्हिंग' असे रूप येते, आणि शिवाय मुदतीसाठी 'फॉर' व आरंभबिंदूसाठी 'सिन्स' असा भेद करावा लागतो. 'आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' या एका वाक्यात म्हणूनच दोन दोष एकत्र येतात आणि दोन्हींचा उगम एकाच 'पासून'मध्ये असतो.

इतर प्रकारांचा येथे निर्देश पुरेसा आहे. दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठी मूळ बोलणाऱ्याचा काळ जपते आणि 'तो येईल असे म्हणाला' हे सहज म्हणते, तर इंग्रजी सांगणाऱ्याच्या संदर्भक्षणावर जाऊन 'विल'चे 'वुड' करते. 'तो येईल तेव्हा' याचे 'व्हेन ही विल कम' होत नाही, कारण वेळ आणि अट दाखवणाऱ्या उपवाक्यांत भविष्याचा अर्थ मुख्य वाक्याने आधीच सांगितलेला असतो. प्रथम पुरुषाला 'शॅल' आणि इतरांना 'विल' हा नियम, जो अजूनही काही शाळांत छडी उगारल्यासारखा शिकवला जातो, तो जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये लॅटिन भाषेत लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणातून आलेला आहे, आणि आजच्या वाक्यशुद्धीत त्याच्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही.

तरतमभावाकडे वळले की दोन भाषांतील अंतर आणखी वाढते. इंग्रजी विशेषण स्वतः बदलते : 'टॉल', 'टॉलर', 'टॉलेस्ट', शब्द लांब असेल तर 'मोर' आणि 'मोस्ट' यांची मदत घेते. यातील '-एस्ट' हा प्रत्यय आणि संस्कृतातील ज्येष्ठ, श्रेष्ठ, कनिष्ठ या शब्दांतला '-इष्ठ' हा प्रत्यय एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. मराठीने मात्र ही प्रत्ययव्यवस्था टाकून दिली आणि असे शब्द तयार मालासारखे संस्कृतातून घेतले. त्यांतील तुलनेचा अर्थ झिजल्यामुळेच 'सर्वश्रेष्ठ' आणि 'अधिक श्रेष्ठ' असे म्हणताना कोणाला खटकत नाही. मराठी विशेषण तुलनेत बदलत नाही. 'राम श्यामपेक्षा उंच आहे' या वाक्यात तुलनेचा सगळा भार श्यामला लागलेल्या 'पेक्षा'ने उचललेला असतो आणि 'उंच' जसाच्या तसा राहतो. म्हणून नवशिका प्रथम 'टॉल दॅन' लिहितो, आणि विशेषण बदलायला हवे हे कळल्यावर भीतीपोटी दोन्ही खुणा लावून 'मोर टॉलर' लिहितो. या दुहेरी रूपाला हसण्याचे कारण नाही. शेक्सपिअरच्या काळापर्यंत ते इंग्रजीत शिष्टसंमत होते आणि 'ज्युलियस सीझर' नाटकातही दुहेरी श्रेष्ठतादर्शक रूप आलेले आहे. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ च्या व्याकरणात अशी रूपे अयोग्य ठरवली आणि पुढच्या व्याकरणकारांनी ते मत शिरोधार्य मानले.

रूपाच्या चुका लवकर सुटतात. तुलनेच्या तर्कातील चुका वर्षानुवर्षे राहतात, आणि प्रश्नपत्रिका काढणारे त्यांच्यावरच भर देतात. 'पुण्याची हवा मुंबईपेक्षा चांगली आहे' हे मराठी वाक्य घ्यावे. कोणत्याही मराठी माणसाला त्यात दोष दिसणार नाही, कारण 'पेक्षा' हे शब्दयोगी अव्यय वाटेल त्या शब्दाला जोडता येते आणि तुलना कशाची आहे हे ऐकणारा आपोआप भरून घेतो. इंग्रजीत 'द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन मुंबई' असे लिहिले तर 'दॅन'च्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला शहर उभे राहते, आणि प्रमाण लेखनात ही तुलना विजातीय वस्तूंची मानली जाते. म्हणून 'दॅन दॅट ऑफ मुंबई' असे लिहावे लागते; येथील 'दॅट' हे सर्वनाम हवेच्या जागी उभे असते, आणि मूळ नाम अनेकवचनी असेल, रस्ते किंवा इमारती असतील, तर त्याचे 'दोज' होते. वाक्य लांबले की हाच दोष दिसेनासा होतो, म्हणून 'दॅन' दिसताच आधी त्याच्या डावीकडचा आणि उजवीकडचा शब्द शोधून ते सजातीय आहेत का हे पाहण्याची सवय विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

याच तर्काची दुसरी बाजू 'अदर' या छोट्या शब्दात दडलेली आहे. 'मुंबई इज बिगर दॅन एनी सिटी इन महाराष्ट्र' या वाक्यानुसार मुंबई महाराष्ट्रातील कोणत्याही शहरापेक्षा मोठी, आणि मुंबई स्वतः महाराष्ट्रातच असल्यामुळे, स्वतःपेक्षाही मोठी ठरते. 'एनी अदर सिटी' लिहिल्यानेच ती त्या समूहातून बाजूला निघते. मात्र तुलना गुजरातमधील शहरांशी असेल तर 'अदर' घालणे हीच चूक होईल. शालेय प्रश्नपत्रिकेतील 'चेंज द डिग्री' या प्रश्नात 'नो अदर सिटी इन महाराष्ट्र इज ॲज बिग ॲज मुंबई' असे रूपांतर विद्यार्थी बिनचूक करतो, पण ते साच्याप्रमाणे केलेले असल्यामुळे तोच विद्यार्थी निबंधात मात्र 'दॅन एनी सिटी' लिहून जातो. साचा शिकवला गेला, त्यामागचे कारण नाही, ही खंत प्रस्तुत पुस्तकाच्या मुळाशी आहे.

काही भेद केवळ रूढीचे आहेत आणि ते तसेच सांगावेत. लॅटिनमधून तयार तुलनादर्शक म्हणून आलेले 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर', 'इन्फीरियर' हे शब्द 'दॅन' घेत नाहीत, 'टु' घेतात. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'फ्यूअर' आणि न मोजता येणाऱ्यांसाठी 'लेस' हा नियम रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये आपली वैयक्तिक पसंती म्हणून नोंदवला होता आणि नंतर तो कायद्यासारखा पाळला जाऊ लागला. 'कमी पाणी' आणि 'कमी माणसे' दोन्ही एकाच शब्दाने सांगणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला तो मुद्दाम लक्षात ठेवावा लागतो. तर्काचा दोष आणि रूढीचा भंग यांत फरक आहे हे विद्यार्थ्याला कळले पाहिजे, कारण पहिला विचाराने सापडतो आणि दुसऱ्याला पाठांतराखेरीज इलाज नाही.

काळ आणि तुलना हे दोन विषय एकाच वाक्यात आले की त्यांचे नाते उघड होते. 'भाव गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहेत' येथे 'पेक्षा' थेट वर्षाला जोडून मराठी मोकळी होते. इंग्रजीत आजच्या भावाची तुलना वर्षाशी करता येत नाही, गेल्या वर्षीच्या भावाशीच करावी लागते, आणि तो भाव भूतकाळातील असल्याने त्याचे क्रियापदही भूतकाळाचे हवे : 'प्राइसेस आर हायर दॅन दे वेअर लास्ट इयर'. तसेच 'ही रन्स फास्टर दॅन ही डिड', 'शी नोज मोर दॅन शी यूज्ड टु'. तुलनेचा दुसरा बिंदू येथे काळाचाही दुसरा बिंदू असतो, आणि साहाय्यक क्रियापद गाळले तर दोन्ही एकदम हरवतात.

याचा आणखी बारीक नमुना बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेतील एका नेहमीच्या प्रश्नात सापडतो. 'घंटा वाजते न वाजते तोच मुले बाहेर पळाली' हा अर्थ मराठीत भूतकाळातील घटनेसाठी वर्तमानाचे रूप वापरून आणि तुलनेचा एकही शब्द न आणता सांगितला जातो. इंग्रजीत तो 'नो सूनर हॅड द बेल रंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट' असा होतो, आणि विद्यार्थी 'दॅन'च्या जागी हमखास 'व्हेन' लिहितो, कारण मराठीच्या 'तोच'मध्ये वेळेचा अर्थ आहे. परंतु 'सूनर' हे 'सून' या क्रियाविशेषणाचे तुलनादर्शक रूप आहे, आणि तुलनादर्शक रूपाला 'दॅन' लागतो. 'हार्डली' आणि 'स्केर्सली' ही तशी रूपे नाहीत, म्हणून त्यांच्याबरोबर 'व्हेन' चालतो. घंटा वाजणे हे मुलांच्या पळण्यापेक्षा जराही लवकर घडले नव्हते, असा या रचनेचा शब्दशः अर्थ आहे. म्हणूनच पळण्याच्या क्षणावर उभे राहून मागे पाहणारे 'हॅड रंग' तेथे येते. प्रश्नपत्रिकेत हे वाक्य 'ॲज सून ॲज' वापरून पुन्हा लिहायला सांगितले जाते, तेव्हा 'सून' तुलनादर्शक अवस्थेतून बरोबरीच्या अवस्थेत येतो, दोन्ही घटना एकाच क्षणाशी आणल्या जातात, आणि त्याच कारणाने 'हॅड रंग'चे 'रँग' होऊन दोन्ही क्रियापदे साध्या भूतकाळात उतरतात. म्हणजे 'चेंज द डिग्री' आणि 'रीराइट युजिंग ॲज सून ॲज' हे एकाच कागदावर दोन वेगळ्या क्रमांकांखाली छापलेले प्रश्न मुळात एकाच व्यवहाराबद्दल विचारत असतात, आणि या पुस्तकात ते म्हणूनच एका प्रकरणात घेतले आहेत.